मधल्या फळीचा मोबाईल

सारी हयात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे खिशातल्या वस्तूच्याही सनावळ्या आठवत बसतो. सवयच ती!

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला. भारतातला तो पहिला मोबाईल कॉल. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत. आम्हा मास्तरांनी ते लांबूनच पाहिले. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि मोबाईल आमच्या शिक्षकखोलीत शिरला. पुढे स्मार्टफोन आले, पण चांगले असत ते परवडत नसत, आणि परवडत ते बोट लावल्यावर विचार करत बसत.

मधली जागा नीट भरली ती २०१४ साली. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी साडेबारा हजारांत आला, जुलैत शाओमीचा मी ३ चौदा हजारांत. मोटो जी पाहिला की या वर्गाचे गुणदोष कळतात. पडदा सुरेख, चाल सुरळीत, दोन सिमकार्डांची सोय. काटकसर कुठे? कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा, मेमरी कार्डाला जागाच नाही, बॅटरी आपली आपण बदलता येत नाही. रोज लागते ते चांगले, कधीमधी लागते ते बेताचे. मला तरी हा सौदा प्रामाणिक वाटतो.

खरी उणीव मात्र दुकानात दिसत नाही. मी २०१६ साली अकरा हजारांचा फोन घेतला. (कंपनीचे नाव कशाला?) जपून वापरला, काचेला ओरखडाही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. गुडघ्यांमुळे जिना उतरणे नको वाटते, म्हणून घरूनच चेहरा दाखवून काम करावे म्हटले. तर ॲप चालेचना, फोनमधले अँड्रॉइड जुने म्हणून! कंपनीने दोन वर्षांनंतर अपडेट पाठवणेच बंद केले होते. मी हयात, फोनही धडधाकट, पण दाखला काही मिळेना. शेवटी रिक्षा करून बँकेत गेलो, रांगेत उभा राहून सही केली.

गंमत पाहा. २०२३ साली गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. तो महागडा फोन. असे फोन घेणारे बरेचजण दोन-तीन वर्षांत नवा घेतात. आमच्यासारखा माणूस फोन बंद पडेपर्यंत वापरतो, आणि त्याच्याच वाट्याला कमी वर्षे!

आता थोडे बदलते आहे. २०२४ च्या सॅमसंग ए१६ ला सहा वर्षांचे आश्वासन आहे. युरोपीय संघात तर जून २०२५ पासून, विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचा नियम लागू झाला. आपल्याकडेही असे बंधन हवे.

तोवर दुकानात गेलात तर कॅमेऱ्याआधी विचारा, "अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील?" विक्रेता गोंधळेल. गोंधळू द्या. मी मागच्या खेपेला विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत स्टुलावरून उठलो नाही.