प्रेमपत्र ते लग्नपत्रिका

४ मे २००० रोजी मनिलातून एक ईमेल निघाला आणि एका दिवसात जगभर पोचला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘आय लव्ह यू’. आत जेमतेम एक ओळ: सोबतचं प्रेमपत्र वाचावं. ज्यांनी ते उघडलं, त्यांच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र त्यांच्याच नावाने गेलं. कॉम्प्युटरवरचे फोटो आणि इतर फायलीही नष्ट झाल्या. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला आपली ईमेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण हसतात. प्रेमाला भुकेले लोक, दुसरं काय! मला हे हसू अन्यायाचं वाटतं.

लोकांना धोका माहीत नव्हता, असं नाही. आदल्याच वर्षी, मार्च १९९९मध्ये, ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस ईमेलमधूनच पसरला होता. तेव्हापासून सल्ला एकच: अनोळखी माणसाची मेल उघडू नका. पण हे प्रेमपत्र ओळखीच्या माणसाकडून येत होतं. नियम पाळणाराच फसावा, अशी ही रचना.

दुसरी गोष्ट त्या फाइलच्या नावात होती. नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ अशी दोन शेपटं होती. खरं शेपूट दुसरं. म्हणजे ते पत्र नव्हतं, चालणारा प्रोग्रॅम होता. पण विंडोज त्या काळी ओळखीच्या प्रकारांची शेपटं आपणहून लपवत असे. वापरणाऱ्याला दिसे फक्त ‘.टीएक्सटी’, म्हणजे निरुपद्रवी मजकूर. डोळे उघडे ठेवूनही जे दिसत नाही, त्याबद्दल सावध कसं राहायचं?

हे लिहिणारा ओनेल दे गुझमान मनिलातल्या एका कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी होता. इंटरनेट परवडत नाही, म्हणून त्याला इतरांचे पासवर्ड हवे होते. त्याच्यावरचा खटला टिकला नाही, कारण तेव्हा फिलिपिन्समध्ये अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता. तो जून २००० मध्ये आला, आणि मागच्या तारखेने लागू होऊ शकला नाही. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी, १७ ऑक्टोबरला, अमलात आला.

आता हातातला फोन बघा. ईमेल अ‍ॅपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव ठळक दिसतं. खरा पत्ता बघायला त्या नावावर टॅप करावं लागतं. नाव काय, कोणीही कोणतंही लावू शकतो. शेपूट लपवण्याची जुनी खोड नव्या कपड्यांत परत आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी ‘.एपीके’ फाइल हे तर त्या प्रेमपत्राचं सख्खं भावंड. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. आणि कधी कधी ती आपल्याच मामाच्या नंबरवरून येते, कारण मामाचा फोन आधीच गेलेला असतो.

म्हणून इतिहासातून मी एवढंच घेतो: ओळखीचं नाव हा पुरावा नाही. फाइल उघडण्याआधी मामाला फोन लावावा.

आणि कोणी फसलंच, तर ‘एवढं कळलं नाही का?’ हा प्रश्न गिळून टाकावा. त्या प्रश्नाच्या भीतीने माणसं घरातसुद्धा गप्प बसतात. पैसे गेल्यावर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ते वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. तिथे लाजेत गेलेला एक तास फार महाग पडतो.