घरगुती विद्युत फलक आणि बदलाची वेळ : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विजेच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी वीजनिर्मिती केंद्रे, धरणे, कोळसा खाणी आणि वीज मंडळे यांभोवती झाले आहे. वणी परिसरातील कोळशावर जेवढे लिहिले गेले, त्याच्या शतांशानेही त्या कोळशातून निर्माण झालेल्या विजेच्या घरातील प्रवासावर लिहिले गेलेले नाही. याचे एक साधे कारण संभवते. मीटरपर्यंतची वीज संस्थेची असते आणि मीटरपुढची घरमालकाची. संस्था कागद ठेवते, घरमालक ठेवत नाही. प्रस्तुत लेखात मीटरपुढील पहिल्या वस्तूचा, म्हणजे मेन स्विच व फ्यूज धारण करणाऱ्या आणि बोलीत केवळ ‘बोर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फलकाचा विचार केला आहे. हा बोर्ड बदलण्याची वेळ आली आहे, हे घराने कशावरून ओळखले आणि बहुतेक वेळा ते का ओळखले नाही, हा या लेखाचा विषय होय.

सागवानी पाटीचा काळ

यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात असा चार वर्षांच्या आत तीन राज्यांच्या कारभाराखाली राहिला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. राज्ये बदलली तरी घरातील जोडणीला लागू असणारा कायदा मात्र एकच होता : भारतीय विद्युत अधिनियम, १९१० आणि त्याखालील भारतीय विद्युत नियम, १९५६. त्यामुळे पुसदच्या वाड्यातील बोर्ड आणि पुण्याच्या वाड्यातील बोर्ड यांत तत्त्वतः फरक नव्हता.

हा बोर्ड म्हणजे सागवानाची पाटी, तिच्यावर लोखंडी पेटीतील मेन स्विच आणि चिनी मातीचे ‘किटकॅट’ फ्यूज. तेथून सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली रबरी वेष्टनाची तार भिंतीवरून उघडीच फिरे. सागवान देशभरच मान्य होते. यवतमाळात ते हाताशी होते एवढेच. मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेल्या घरात भिंतीत पुरलेल्या लाकडी गुटक्यांवर ही पाटी ठोकली जाई. उघड्या वायरिंगचा एक गुण आज विसरला गेला आहे. तार कोठे काळी पडली, कोठे उंदराने कुरतडली, कोठे वेष्टन तडकले, हे घरातील कोणालाही डोळ्यांनी दिसत असे.

त्या काळच्या बोर्डाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. वायरिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय. एस. ७३२) दिवे-पंख्यांच्या एका उपमंडलावर दहापेक्षा जास्त पॉइंट असू नयेत आणि एकूण भार ८०० वॅटपेक्षा जास्त असू नये, असा दंडक होता. ४० किंवा ६० वॅटचे तीन-चार दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ एवढ्या घराला हे ८०० वॅट म्हणजे चैन होती. बोर्ड लहान नव्हता. घराची गरज लहान होती. पुढील अर्धशतकात गरज वाढली आणि बोर्ड बव्हंशी तोच राहिला, ही या इतिहासाची मुख्य घटना म्हणता येईल.

जुन्या बोर्डाचा आणखी एक वारसा धोकादायक ठरला. अनेक घरांत फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर स्वतंत्र फ्यूज बसवलेले असत. १९५६ च्या नियमांतील नियम ३२ ने भूसंपर्कित न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज किंवा स्विच घालण्यास मनाई केली होती. न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, घरातील माणूस ‘लाइन गेली’ असे समजतो. प्रत्यक्षात फेजची तार पूर्ण दाबाने जिवंत असते. असा बोर्ड आढळल्यास तो बदलण्यासाठी दुसऱ्या कारणाची वाट पाहू नये, इतकी ही बाब स्पष्ट आहे. तरीही जुन्या घरांत असे जोड फ्यूज दीर्घकाळ टिकून राहिले, कारण ते चालत होते.

फ्यूजची भाषा आणि तिचा अर्थ

बोर्डाजवळ घराशी बोलण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे फ्यूज. ५ अँपिअरच्या फ्यूजमध्ये साधारणतः ०.२ मिलिमीटर जाडीची कलई केलेली तांब्याची तार असते. १५ अँपिअरसाठी ती ०.५ मिलिमीटर लागते. फ्यूज वारंवार वितळणे याचा अर्थ असा की, या तारेवर टाकलेले ओझे तिच्या कुवतीबाहेरचे आहे, किंवा कोठेतरी दोष आहे. हा बोर्डाचा प्रश्न होता. घराने मात्र तो फ्यूजचा दोष मानला. वायरचा एखादा तुकडा सोलून त्यातील दोन-तीन धागे पिळून किटकॅटमध्ये बसवले की फ्यूज ‘पक्का’ होई. हे कौशल्य घरोघरी होते आणि त्याचा अभिमानही होता.

या कौशल्याचा परिणाम भौतिकशास्त्राच्या दृष्टीने भयंकर होता. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. फ्यूज जाड केल्यावर ती उष्णता भिंतीवरील लाकडी पट्टीत, पुढे प्लास्टरमधील नळीत जाऊ लागली. सर्वांत अशक्त दुवा म्हणून मुद्दाम ठेवलेली तार सर्वांत बळकट झाली आणि घरातील प्रत्येक जोड तिच्यापेक्षा अशक्त ठरला. बोर्ड गरम लागणे, स्विचपाशी पिवळसर-तपकिरी डाग पडणे, जळक्या रबराचा वास येणे, मोटर सुरू होताच दिवा मंद होणे, मेन स्विचमधून गुणगुण ऐकू येणे ही सर्व लक्षणे त्यानंतरची आहेत. ती उपकरणाशिवाय, हात, नाक आणि कानांनी ओळखता येत. लोकांनी ती ओळखलीही. परंतु त्यांचा अर्थ ‘बोर्ड जुना झाला’ असा न लावता ‘लाइट कमी-जास्त होत आहे’ असा लावला. व्होल्टेजच्या चढउताराचा अनुभव इतका सार्वत्रिक होता की घरातील दोषही बाहेरच्या वाहिनीवर ढकलणे स्वाभाविक वाटे.

याच काळात तारेचा धातू बदलला. १९६० च्या दशकातील परकीय चलनाच्या टंचाईमुळे तांब्याच्या वापरावर निर्बंध आले आणि घरगुती वायरिंगमध्ये अॅल्युमिनियमची तार आली. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर बसणारा ऑक्साइडचा थर विजेला अडवतो आणि स्क्रूखाली दाबलेली ही तार कालांतराने सैल होते. १९९० नंतर तांबे पुन्हा सुलभ झाले तेव्हा नव्या खोलीसाठी तांब्याची तार घेण्यात आली आणि ती जुन्या अॅल्युमिनियमला पिळून जोडण्यात आली. अशा जोडातच अनेक घरांचे वायरिंग आतून जळाले असावे.

कूलर, काळी माती आणि अर्थिंग

यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. डेझर्ट कूलर हे विदर्भातील घराचे खरे विद्युत उपकरण होय. दूरचित्रवाणीपेक्षाही तेच अधिक निकडीचे मानले जाते. भाराच्या दृष्टीने कूलर फारसा मोठा नाही. मोठे आहे ते त्याचे स्वरूप : लोखंडी पत्र्याचा देह, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि खाली ओली फरशी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि वीज कंपनी दर उन्हाळ्यात तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरताना कूलर बंद करा, अर्थिंग तपासा असे आवाहन करते.

या मृत्यूंचा बोर्डाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. कूलरच्या पत्र्यात प्रवाह उतरला आणि ओल्या पायांच्या व्यक्तीने त्याला स्पर्श केला, तर शरीरातून एक अँपिअरच्या चौथ्या हिश्श्याएवढा प्रवाह जाऊ शकतो. हृदय थांबवण्यास तो पुरेसा आहे. ५ अँपिअरचा फ्यूज वितळवण्यास नाही. फ्यूज तारेचा रखवालदार आहे, माणसाचा नव्हे. माणसाचे रक्षण करावयाचे तर अर्थिंग हवे आणि त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच पुरवठा तोडणारे यंत्र, बाजारातील बोलीत ‘ईएलसीबी’, हवे. १९५६ च्या नियमांत पुढे समाविष्ट झालेल्या नियम ६१-अ ने असे यंत्र आवश्यक ठरवले खरे, परंतु ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्यांना त्यातून वगळले. यवतमाळ जिल्ह्यातील कूलरवाले सामान्य घर नेमके या सवलतीच्या आत बसत होते.

अर्थिंगचा इतिहास त्याहून विचित्र आहे. नियम ३३ प्रमाणे ग्राहकाच्या जागेत अर्थ टर्मिनल देण्याची जबाबदारी पुरवठादाराची होती. प्रत्यक्षात अनेक घरांनी नळाच्या किंवा बोअरच्या लोखंडी पाइपला हिरवी तार गुंडाळून काम भागवले. पुढे लोखंडी पाइप गेले आणि पीव्हीसीचे आले. त्या दिवशी घराचे अर्थिंग संपले. घरात कोणालाही त्याची वार्ता लागली नाही, कारण दिवे लागतच होते. ज्यांनी मीठ-कोळसा घालून स्वतंत्र खड्डा केला, त्यांच्यापुढे काळ्या मातीचा प्रश्न होता. पावसाळ्यात ही माती उत्तम वाहक असते. वैशाखात ती आकसते, भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणजे कूलर चालवण्याच्या नेमक्या दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी वायरमनांची सूचना शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होती.

एका दिव्याचे घर

ग्रामीण भागात चित्र वेगळे होते. गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली तरी ते गाव विद्युतीकृत मानावे, ही व्याख्या १९९७ पर्यंत होती. शेतातील एका पंपाने गाव कागदावर उजळत असे. २००४ मध्ये किमान १० टक्के घरांची अट आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेने एका दिव्याची जोडणी दिली; २०१७ च्या सौभाग्य योजनेने एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट दिला. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर या तालुक्यांतील कोलाम व गोंड वस्त्यांच्या दृष्टीने या योजनांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांत गृहीत धरलेले घर एका दिव्यावर थांबणारे होते. घर थांबत नाही. त्याच पॉइंटवरून पंखा, टीव्ही, कूलर, पिठाची घरगुती चक्की जोडली जाते. येथे बोर्ड जुना झाल्याचा प्रश्नच नसतो. तो पहिल्या दिवसापासूनच अपुरा असतो.

निर्णय कोणाचा?

नियम ४६ ने प्रत्येक जोडणीची पाच वर्षांपेक्षा जास्त नसलेल्या कालावधीने तपासणी व चाचणी करण्याचे सांगितले होते. मेगरने ५०० व्होल्टवर तारांचा रोध मोजला आणि तो एक मेगओहमच्या खाली उतरलेला दिसला, तर वायरिंग बदलण्याची वेळ झाली, हे कोणीही वादाविना मान्य केले असते. हे उत्तर अर्ध्या तासात मिळते. तथापि लक्षावधी घरांची अशी फेरतपासणी करणे कोणत्याही निरीक्षक कार्यालयाच्या मनुष्यबळात बसणारे नव्हते, आणि पुढील विनियमांचा कल मालकाच्या स्व-प्रमाणनाकडे झुकला. घराला आयुष्यात एकदाच, नवीन जोडणीच्या वेळी, परवानाधारक कंत्राटदाराचा ‘टेस्ट रिपोर्ट’ मिळाला. तोही पुष्कळदा मोजणीपेक्षा सहीचा कागद होता.

दुसरा अडथळा कायद्यानेच निर्माण केला. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापराच्या आकारणीची तरतूद आहे. मंजूर मागणीपेक्षा जास्त वापर या कलमात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीताराम राइस मिल प्रकरणात म्हटले. तो ग्राहक औद्योगिक होता. पण वाढीव भाराचे नाव काढले की दंड लागेल, ही धास्ती घरांपर्यंत उतरली. एसी किंवा २००० वॅटची इंडक्शन शेगडी घेताना बोर्डाची कुवत विचारावी, त्याऐवजी घर गप्प राहणे पसंत करते. भारनियमनाच्या दशकात आलेल्या इन्व्हर्टरने या बोर्डात आणखी एक गुंता वाढवला. त्याची तार कोठून निघते हे अनेक घरांत बसवणाऱ्यालाच ठाऊक असते.

मग बोर्ड बदलला केव्हा? घरात लग्न निघाले, रंगरंगोटी झाली, कवेलू काढून स्लॅब पडला किंवा भिंत जळाली तेव्हा. म्हणजे विद्युत कारणापेक्षा अन्य कारणांनीच अधिक. आणि बदलतानाही फ्यूजची जुनी चूक एमसीबीच्या रूपात परत आली. १६ अँपिअरची एमसीबी वारंवार पडते म्हणून ३२ ची बसवण्यात येते. मागची दीड चौरस मिलिमीटरची तार तशीच राहते. नव्या पेटीचा पांढरा रंग पाहून घर निर्धास्त होते, आणि पूर्वी भिंतीवर दिसणारी तार आता प्लास्टरखाली असल्याने डोळ्यांची तपासणीही संपलेली असते.

गेल्या वीस वर्षांत जिल्ह्यातील घरांनी चकतीचे मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर येताना पाहिले. आता स्मार्ट मीटर बसत आहेत. प्रत्येक वेळी परवानाधारक हात घराच्या दारापर्यंत येतो, मीटरच्या दोन तारा सोडवून पुन्हा कसतो आणि परत जातो. त्या तारा जेथे पोहोचतात ती पाटी जुन्या घरांत अद्याप सागवानाचीच असते. तिच्यावरचे किटकॅट काढलेले नसतात, शेजारी एमसीबीची पेटी ठोकलेली असते, आणि कूलरची तार दोहोंपैकी कशातून गेली आहे हे पाहण्यासाठी मेन स्विच बंद करून एकेक फ्यूज उपसावा लागतो.