पाड्यावरचे मूल आणि कायदा

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी उभे राहिले म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण किती दूर, हे सांगावे लागत नाही. घाट उतरावा, शहादे गाठावे, मग नंदुरबार. पाड्यावरच्या ज्या मुलाची समज वयाबरोबर वाढली नाही, त्याचा सरकारी दाखला याच वाटेने यायचा. पण त्या मुलाची नीट ओळख पटायला कायद्याला याहून लांब वाट चालावी लागली. ती वाट आज पाहू.

इंग्रजी अमदानीत १९१२ साली वेड्यांसंबंधीचा कायदा झाला. जन्मापासून मंद असलेला आणि पुढे वेड लागलेला, असे दोघेही त्यात एकाच व्याख्येत कोंबले होते. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने अशा मुलांसाठी शाळा काढली, ती आईबापांच्या कळकळीने. कायद्याच्या सांगण्यावरून नव्हे. १९५० साली राज्यघटना आली. तिच्या ४१व्या कलमात अपंगांच्या साहाय्याची गोष्ट आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीप्रमाणे. म्हणजे ते मार्गदर्शन झाले, हक्क नव्हे.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व हे मनाच्या आजारातून वेगळे काढले. १९९५ च्या कायद्याने त्याला अपंगत्वांच्या यादीत जागा दिली. तरी आईबापांच्या मनातला खरा प्रश्न राहिलाच: ‘आमच्यामागे याचे कोण?’ शेतातला वाटा कागदावर त्याचा असला, तरी तो सांभाळणार कोण?

त्याचे उत्तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने दिले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यात तिघांची समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. अठरा वर्षे पुरी झाल्यावरही आधाराची गरज असेल, तर ही समिती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरसाल हिशेब दाखवायचा. पुतण्याचा वाटा गिळू पाहणाऱ्या काकाला हा लगाम आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला होता, म्हणून तोरणमाळच्या माणसाला त्यासाठी धुळ्याला जावे लागत नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही झाला.

पण गुरुजी, कायदा आपणहून घाट चढत नाही. दाखला नाही, तर हक्क कागदावरच राहतो. ‘याला काय शिकवायचे?’ म्हणून हजेरीपटावरून नाव काढू नका. आईबापांना सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात जा, आणि मूल अठराचे होत आले की समितीची आठवण त्यांना द्या. शंभर वर्षे चालून कायदा नंदुरबारपर्यंत आला आहे. उरलेला घाट आपण चढायचा आहे.