उजवीकडची खुर्ची

गेल्या महिन्यात पुतण्याची लेक अंतरवालीला येऊन गेली. ती एका विमान कंपनीत को-पायलट आहे. पारावर एकाने विचारलं, "मग खरी पायलट कधी होणार?" मीही हसलो. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आजोबा, परवा नागपूरला विमान मीच उतरवलं."

मंडळी, मला लाज वाटली. 'को-पायलट म्हणजे मदतनीस' असं वर्गात मीच शिकवत आलो होतो! आधी किमान २०० तास उडवून व्यावसायिक परवाना, मग त्या-त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण. तेव्हा कुठे उजवीकडची खुर्ची मिळते. तिथं बसून ती आळीपाळीने विमान चालवते, उरलेल्या वेळी कॅप्टनवर लक्ष ठेवते. डाव्या खुर्चीसाठी १५०० तासांचा वरचा परवाना लागतो.

इतिहास पाहा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर इंडियन एअरलाइन्सचं कलकत्ता-सिल्चर विमान दोघी स्त्रियांनी नेलं. कॅप्टन आपल्या सौदामिनी देशमुख, को-पायलट निवेदिता भसीन. त्याच निवेदिताबाई १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या २६व्या वर्षी जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. मार्ग कोणता? मुंबई-औरंगाबाद-उदयपूर! म्हणजे ते विमान आपल्या चिकलठाण्याला उतरलं होतं. त्या सोमवारी मी वर्गात फळ्यावर नवं साल लिहीत असेन. मला पत्ताही नव्हता.

असो. पारावर हे सांगायचं राहिलंय. उद्या जातो.