हप्ता आणि हातातला फोन

'हप्ता' हा शब्द मूळचा फारसी. 'हफ्त' म्हणजे सात, आपल्या 'सप्त'चा भाऊबंद. आणि सात दिवसांचा तो हफ्ता. मराठीत आल्यावर त्याने आठवड्याशी असलेले नाते बरेचसे सोडले आणि वसुलीशी जोडले. महसुलाची 'हप्तेबंदी' हा जुन्या दफ्तरांतील परिचित शब्द. पुढे मुंबईने त्याला आणखी एक अर्थ बहाल केला, तो कोणाही फेरीवाल्यास विचारावा. अंधेरी, घाटकोपर वा बोरिवली स्टेशनाबाहेरच्या मोबाईलच्या दुकानांवर आज हाच शब्द 'ईएमआय' हे नाव धारण करून झळकतो आहे. नव्या स्मार्टफोनची खरी किंमत किती, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला त्या यंत्राच्या इतिहासाइतकाच या शब्दाचा इतिहासही उपयोगी वाटतो.

हप्त्याने वस्तू घेण्याची सवय या शहराला मोबाईलने लावलेली नाही. सिंगर कंपनीचा हिंदुस्थानातील व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढवला तो मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी, आणि ते शिवणयंत्र शिंप्यांच्या घरी पोहोचले ते बव्हंशी हप्त्यांच्या आधाराने. ते यंत्र आपला हप्ता आपणच कमावीत असे. गिरणगावातले कर्ज निराळ्या जातीचे. १९२०च्या दशकात सरकारच्या कामगार कार्यालयाने मुंबईतील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. आणि दरमहा रुपयाला एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा ७५. दर भयंकर होता, पण तो तोंडावर सांगितला जाई. एक आणा म्हणजे एक आणा, हे निरक्षर माणसालाही कळत होते.

फोनचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. १९८६ साली महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले त्या काळात मुलुंड-बोरिवलीच्या मध्यमवर्गीयाला किमतीपेक्षा प्रतीक्षेची चिंता अधिक असे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या दोन कंपन्या आल्या. बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जाई, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. तेव्हा फोन घेणे सोपे नव्हतेच, पण वापरणे त्याहून महाग होते, आणि ते प्रत्येक मिनिटाला जाणवत होते. १ मे २००३पासून येणारे कॉल फुकट झाले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती देण्याची योजना काढली. 'मिस्ड कॉल' ही खास आपली भाषाही याच काळात बहरली: एक रिंग म्हणजे घाटकोपर आले, दोन म्हणजे कुकर लाव. वृत्तपत्रे 'भ्रमणध्वनी' लिहीत राहिली, लोक 'मोबाईल' म्हणत राहिले. 'स्मार्टफोन'च्या वेळी तर भाषांतराचा उत्साहही मावळलेला दिसतो. असो.

२२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी भारतात आला, ३१,००० रुपयांना. अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या भावाने नऊ हजारांच्या आत मिळतो, हे वाचून येथील ग्राहक चिडला. तो फरक पुरता खरा नव्हता. अमेरिकन ग्राहक दोन वर्षांच्या करारात बांधला जात होता आणि उरलेली किंमत मासिक बिलातून भरत होता. आपल्यासमोर किंमत उघडी ठेवली गेली म्हणून ती अंगावर आली. पुढच्या काळात विक्रेत्यांनी किंमत झाकण्याची कला येथेही रुजवली.

शून्य टक्के व्याजाची संकल्पनाच खरी नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्ये बँकांना बजावले. त्यानंतर बाजारात 'नो कॉस्ट' हे शब्द रूढ झाले. साधा हिशेब पाहू. समजा, ६०,००० रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत घेतला, हप्ता ५,०००. बँकेचा दर वार्षिक १५ टक्के धरला, तर प्रत्यक्ष मुद्दल सुमारे ५५,४०० आणि व्याज सुमारे ४,६००. हे व्याज सवलतीच्या रूपाने आधीच वजा केलेले असते. म्हणजे व्याज आहे, फक्त ते किमतीत मुरवले आहे. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी आठशेतीस रुपये, आणि वर प्रक्रिया शुल्क. रोख घेणाऱ्याला तीच सवलत मिळाली असती का, हे सहसा कोणी विचारत नाही. फोनच्या किमतीतही एप्रिल २०२०पासून १८ टक्के जीएसटी आहेच. साठ हजारांत तो नऊ हजारांवर जातो.

एवढे सांगून विद्यार्थ्यांना उधळे ठरवणे सोपे आहे, आणि आमच्या पिढीतील प्राध्यापक ते आनंदाने करतात. आम्हांला ते पटत नाही. असल्फ्याच्या डोंगरावर किंवा जोगेश्वरीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढणाऱ्या मुलीला स्वतःची म्हणून जी एकमेव खोली मिळते, तिला कुलूप लागते आणि ती हातात मावते. तिचे मैत्र, तिचे वाचन, क्वचित तिची कविताही तिथेच असते. या खोलीचे भाडे म्हणून हप्त्याकडे पाहिले तर मोहाचा अर्थ बदलतो. दुसरे असे, की रिक्षा चालवणाऱ्याला, जेवणाची पाकिटे पोहोचवणाऱ्याला फोन हे आता सिंगरचे यंत्रच आहे. ते नसेल तर काम नाही.

मार्च २०२०पासून दीड वर्षाहून अधिक काळ वर्ग बंद राहिले, तेव्हा निवडीचा प्रश्नच संपला. हजेरी म्हणजे फोन. आम्ही शिकवीत असू आणि पडद्यावर काळे चौकोन दिसत. त्यांतले काही वडील कामावरून परतल्यावर रात्री उघडत, कारण घरात फोन एक आणि शिकणारी तिघे. घरकाम सुटलेल्या आयांनी त्याच महिन्यांत उसनवारीने फोन घेतले. हा खर्च शिक्षणाच्या कोणत्याही शुल्कात दाखवला गेला नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर काढली आणि जाळली. कर्जाचा पुरावा कागदावर होता आणि कागद सावकाराच्या घरी होता. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. अलीकडे कर्ज देणाऱ्या काही संस्था हप्ता चुकताच दुरूनच फोन बंद करणारी सोय त्यात बसवू लागल्या. म्हणजे गहाण वस्तू, खतपत्र आणि जप्तीचा बेलीफ, तिन्ही ऋणकोच्याच खिशात. दार ठोठावण्याची गरज नाही, आणि शेजाऱ्यांना कळतही नाही. गिरणगावात पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या पठाणाला निदान चाळ पाहत होती.

उपनगरी गाडीच्या दारात उभ्या असलेल्याच्या हातावर रुळांलगतच्या खांबावरून काठीचा तडाखा बसतो आणि फोन खाली पडतो. 'फटका गँग' हे नाव उगीच पडलेले नाही. या तडाख्याने तोल जाऊन माणसे गाडीबाहेर पडली आहेत. फोन गेला तरी हप्ता जात नाही, तो पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला येतो.

बॅटरीतला कोबाल्ट बहुतांशी काँगोच्या खाणींतून येतो, आणि कोल्वेझी परिसरात तो हातांनी खणणाऱ्यांत मुलेही होती, हे ॲम्नेस्टीने २०१६ साली जगापुढे मांडले. काँगो दूर आहे म्हणून सोडून देऊ. साकीनाका आणि कुर्ला दूर नाहीत. भंगारवाल्याकडे गेलेला फोन तेथील गाळ्यांत उकलला जातो: पडदा वेगळा, बॅटरी वेगळी, बोर्ड वेगळा. बोर्डावरचे सोने-तांबे काढण्यासाठी तापवणे आणि आम्ल वापरणे हे या धंद्याचे जुने मार्ग, आणि धूर खाणारी माणसे बहुधा विनामुखवट्याची. ई-कचऱ्याचे नियम २०१२पासून अमलात आहेत, २०१६ आणि २०२२ साली ते पुन्हा नव्याने लिहिले गेले. उत्पादकाने जुने यंत्र परत घेण्याची जबाबदारी त्यांत आहे. पण अंधेरीच्या दुकानात 'एक्स्चेंज'मध्ये दिलेला फोन पुढे कोठे गेला, हे पावतीवर नसते. पावतीवर वजा झालेली रक्कम असते, आणि तिच्याखाली नव्या फोनच्या पहिल्या हप्त्याची तारीख.