शवविच्छेदन : एक शब्द, दोन अर्थ

मराठीत ‘शवविच्छेदन’ हा शब्द दोन भिन्न कृतींसाठी रूढ आहे. शरीररचनेच्या अध्ययनासाठी केलेले विच्छेदन ही पहिली, तर मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केलेली उत्तरीय तपासणी ही दुसरी. इंग्रजीत पहिलीस ‘डिसेक्शन’ व दुसरीस ‘ऑटॉप्सी’ म्हणतात.

व्युत्पत्ती : ‘विच्छेदन’ हा शब्द संस्कृत ‘छिद्’ म्हणजे कापणे या धातूपासून आला. ‘अ‍ॅनाटॉमी’चा ग्रीक मूलार्थ कापून वेगळे करणे असा आहे; ‘ऑटॉप्सी’चा मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. सुश्रुतसंहितेत शव वाहत्या पाण्यात ठेवून, नंतर वाळा, बांबू इत्यादींच्या कुंचल्यांनी त्वचेचे थर हळूहळू घासून पाहण्याची रीत सांगितली आहे.

विच्छेदक : अध्यापनासाठी आधीच विच्छेदन करून ठेवणारा तो ‘प्रोसेक्टर’. उत्तरीय तपासणी विकृतिशास्त्रज्ञ करतो. त्याच्या साहाय्यकास अमेरिकी शवागारांत ‘डीनर’ म्हणत आले आहेत. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ सेवक. ‘मेडिकल एक्झामिनर’ हा सामान्यतः नियुक्त वैद्य असतो. ‘कॉरोनर’ अनेक ठिकाणी निवडून येतो व तो वैद्य असेलच असे नाही.

इतिहास : कबरींतून शवे चोरणाऱ्यांना ‘रिझरेक्शनिस्ट’ असे उपरोधिक नाव होते. अशा चोरीच्या संतापातून 1788 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. पेनसिल्व्हेनियाने बेवारस शवे वैद्यकीय शाळांना देण्याचा कायदा 1883 मध्ये राज्यभर लागू केला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकाच्या शिक्षणासाठी दाखल झाल्या. 1886 मध्ये त्या एम. डी. झाल्या. पुढे 1968 च्या आदर्श कायद्याने व्यक्तीच्या स्वेच्छेने होणाऱ्या देहदानास एकसमान कायदेशीर चौकट दिली.

संमती : अर्थभेदाचे व्यावहारिक महत्त्व येथे आहे. रुग्णालयातील उत्तरीय तपासणीस सामान्यतः निकटच्या आप्तांची संमती लागते. आकस्मिक वा संशयास्पद मृत्यूत मात्र मेडिकल एक्झामिनर वा कॉरोनर संमतीविनाही ती करवू शकतो. धार्मिक हरकतींबाबतचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. देहदानाचा निर्णय व्यक्ती हयातीतच नोंदवू शकते. तथापि पूर्ण उत्तरीय तपासणी झालेला देह बहुतेक संस्था अध्ययनासाठी स्वीकारत नाहीत. म्हणून फोनवर ‘शवविच्छेदन होणार’ एवढेच कळल्यास ते कोणत्या अर्थाने, हे कुटुंबाने प्रथम विचारून घेणे आवश्यक ठरते.