रक्ताच्या थेंबातला हृदयजंत

कुत्र्याच्या हृदयातला जंत माणसाने आधी पाहिला तो मेलेल्या कुत्र्यात. इटलीच्या फ्रान्चेस्को बिरागो यांनी १६२६ साली मिलानमध्ये छापलेल्या शिकारीवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, पण त्यांना तो मूत्रपिंडातला जंत वाटला. अमेरिकेत जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. तरी निदानासाठी कुत्रा मरावा लागत होताच. फूटभर लांबीची मादी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत दडलेली. वरून दिसतो तो नुसता खोकला, धाप आणि थकवा. एवढ्यावरून काय ओळखणार?

जिवंत कुत्र्यात माग लागला तो पिल्लांमुळे. ही मादी अंडी घालत नाही, सूक्ष्म पिल्लं थेट रक्तात सोडते. पॅरिसमध्ये डॉक्टर डेव्हिड ग्रुबी आणि पशुवैद्यक ओनेझिम देलाफोन यांनी १८४३ मध्येच कुत्र्याच्या रक्तात असे वळवळते जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. या पिल्लांना पुढे मायक्रोफायलेरिया हे नाव पडलं.

यानंतर कुत्र्याचा हा आजार आणि माणसाचा हत्तीरोग यांचा अभ्यास हातात हात घालून चालला. कलकत्त्यात टिमथी लुइस यांना १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात तसेच जंत सापडले. चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवलं की हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं रात्रीच मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. विदर्भातल्या गावांत हत्तीरोगाची पथकं रात्री दारोदार रक्ताचे नमुने घेतात, ती यामुळेच.

रात्रीच्या या जागरणावर जेम्स नॉट यांनी १९३९ मध्ये उपाय काढला, तोही माणसांसाठी. दिवसाच्या रक्तात पिल्लं विरळ असतात, म्हणून त्यांनी थेंबाऐवजी जास्त रक्त घेऊन त्यातली पिल्लं एकवटली. पशुवैद्यकांनी ही पद्धत उचलली आणि ती आजही चालते. एक मिलिलिटर रक्तात २ टक्क्यांचं ९ मिलिलिटर फॉर्मॅलिन मिसळायचं. तांबड्या पेशी फुटतात, पिल्लं सरळ ताणून मरतात. मग नळी यंत्रात फिरवून तळाचा गाळ मिथिलिन ब्लूने रंगवून पाहायचा. साधी, स्वस्त आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत गुणी चाचणी. ताणलेल्या पिल्लाची लांबी-रुंदी मोजता येते, आणि या मोजण्यालाच पुढे फार मोल आलं.

कारण १९५६ मध्ये न्यूटन आणि राइट यांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या रक्तात दुसऱ्याच एका जंताची पिल्लंही फिरतात. तो पिसवांमधून पसरतो, कातडीखाली राहतो आणि हृदयाला हात लावत नाही. म्हणजे रक्तात पिल्लू दिसलं की हृदयजंत, हे समीकरणच खोटं; दोघांची पिल्लं मापावरून वेगळी ओळखायला हवीत. त्या काळी हृदयजंतावरचं औषध आर्सेनिकचं होतं. निरुपद्रवी जंतापायी एखाद्या कुत्र्याला ते टोचणं ही साधी चूक नव्हे, अन्याय होता. १९७१ मध्ये शालिफू आणि हंट यांनी रंगवण्याची एक रीत दिली, तिच्यात हृदयजंताच्या पिल्लावर दोन लाल ठिपके उमटतात. ओळख आणखी पक्की झाली.

तरी उलटी फसगत उरलीच. सगळे जंत एकाच लिंगाचे असले किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीने पिल्लं मारली, तर हृदयात जंत असूनही रक्त स्वच्छ दिसतं. १९८०च्या दशकात गॅरी वाइल यांच्यासारख्या संशोधकांनी पिल्लं सोडून मोठ्या जंतांनी रक्तात सोडलेलं प्रथिन, म्हणजे अँटिजेन, हेरायला सुरुवात केली. आज दवाखान्यात काही मिनिटांत निकाल देणारी पट्टी त्याच कामातून आली. हे अँटिजेन मुख्यतः प्रौढ मादीचं असतं. त्यामुळे संसर्गानंतर सुमारे पाच महिने पट्टी गप्प राहते, आणि नुसते नर असले तर पुढेही बोलत नाही. कधी अँटिजेन प्रतिपिंडांत अडकून लपतं. तेव्हा रक्तद्रव १०४ अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवून ते मोकळं करतात. सुरुवातीच्या चाचण्यांत तापवणं होतंच, सोयीसाठी ते गाळलं गेलं होतं.

आपल्या देशात कातडीखालच्या जंतांची पिल्लंही कुत्र्यांच्या रक्तात सापडतात. तेव्हा अहवालात नुसतं ‘मायक्रोफायलेरिया आढळले’ असं आलं तर लगेच उपचाराला होकार देऊ नका. कोणत्या जंताचे, हे डॉक्टरांना विचारा आणि अँटिजेन व नॉट या दोन्ही चाचण्या करून घ्या.